बाटलीवरचा 'इंडिया'

पारंपरिक इंग्लिश ब्रुअरीची बाटलीबंद इंडिया पेल एल चाखताना प्रथम जाणवतो तो हॉप्सचा कडवटपणा. त्याची कथा प्रसिद्ध आहे : हिंदुस्थानच्या सागरी प्रवासात टिकावी म्हणून लंडनच्या हॉजसनने ही बिअर शोधून काढली. पुरावे मात्र वेगळे सांगतात. फिकट रंगाची एल हॉजसनपूर्वीच इंग्लंडात होती; उष्ण प्रदेशांसाठी हॉप्स वाढवावेत, हा सल्लाही १७६० च्या दशकात दिला जात होता. हॉजसनला लाभले ते स्थान : त्याची बो येथील ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथे लागत, त्या ब्लॅकवॉलजवळ होती. १८२० च्या दशकात बर्टनचा ऑलसॉप या व्यापारात उतरला आणि तेथील जिप्समयुक्त पाणी पेल एलला मानवले. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव १८२९ मध्ये सिडनीच्या वृत्तपत्रातील जाहिरातीत आढळते.

त्याच काळात काळी पोर्टरही हिंदुस्थानात येत असे. पेल एल प्रामुख्याने साहेबांच्या मेजावर, तर पोर्टर गोऱ्या शिपायांच्या बराकीत. आज शिपायांची पोर्टर विस्मरणात गेली आहे. साहेबांच्या पेयाला मात्र देशाचे नाव कायमचे चिकटले. मागाहून रूढ झालेल्या नावावरून उगमाची कथा रचली जाते, ती अशी. वाङ्मयेतिहासातील कालखंडांची नावे वाचतानाही हे ध्यानात ठेवावे.