ओळखमुद्रेचे नूतनीकरण : उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांसाठी

भंडारा : उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षी घाईने केलेले स्वतःचे बोधचिन्ह अंतिम वर्षात अपुरे वाटू लागते. नोकरीच्या मुलाखतीपूर्वी ते नव्याने घडविणे इष्ट; मात्र जुने सारे पुसल्यास मिळविलेली ओळखही पुसली जाते. रंग, अक्षरवळण वा आकार यांपैकी लोकांच्या स्मरणात राहिलेला एक घटक कायम ठेवावा.

प्रारंभ नावाच्या अक्षरांपासून करावा. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांना अक्षरांतूनच स्वतंत्र चेहरा दिला.

पितळी भांड्यांसाठी ख्यातनाम असलेल्या भंडाऱ्यात कसोटीही हाताशी आहे. भांड्यावर कोरलेल्या नावाला रंगाचा आधार नसतो; चिन्हही प्रथम एकाच रंगात उभे राहावे. लहान आकारात अनुस्वार व वेलांटी बुजतात, म्हणून ते १६ पिक्सेलपर्यंत लहान करून पाहावे. मूळ प्रत व्हेक्टर स्वरूपात जतन करावी. छपाईसाठी सीएमवायके, तर पडद्यासाठी आरजीबी रंगपद्धती वापरावी.

तयार टंक वापरताना परवाना तपासावा. 'मुक्ता'सारखे मुक्त परवान्याचे देवनागरी टंक व्यावसायिक कामासही विनामूल्य वापरता येतात. परवान्याविना घेतलेला टंक मात्र पहिल्याच व्यावसायिक कामात अडचणीचा ठरू शकतो.