नाण्यांचे कपाट कोणत्या लाकडाचे असावे? कोल्हापूरच्या शिशाच्या नाण्यांची गोष्ट

१/ कोल्हापूर परिसरात सापडलेल्या शिशाच्या जाडजूड नाण्यांवर एका बाजूस बाण लावलेले धनुष्य दिसते, दुसऱ्या बाजूस कमानींचा डोंगर आणि झाड. धनुष्याभोवती ब्राह्मी अक्षरांत आणि प्राकृत भाषेत लेख असतो: ‘रञो वासिठिपुतस विळिवायकुरस’, म्हणजे राजा वासिष्ठीपुत्र विळिवायकुर याचे नाणे. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांचा. आजचा धागा या नाण्यांविषयी आहे, आणि ती ज्या खणात ठेवली जातात त्या खणाच्या लाकडाविषयीही.

२/ या ‘कुर’ राजांपैकी तिघे नाण्यांवरून ठळकपणे ओळखता येतात: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर. ते सातवाहनांचे मांडलिक होते की स्वतंत्र, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. टॉलेमीच्या भूगोलग्रंथात हिप्पोकौरा येथे राज्य करणाऱ्या ‘बलेओकौरोस’चा उल्लेख येतो, तो विळिवायकुरच असावा असे मानले जाते. एवढा एक धागा सोडला, तर त्यांच्याविषयीचे आपले ज्ञान जवळजवळ सर्वस्वी नाण्यांवर उभे आहे.

३/ मग यांतला आधीचा कोण आणि नंतरचा कोण, हे कसे ठरले? उत्तर नाण्यांच्या पृष्ठभागावरच आहे. माढरीपुत्राने वासिष्ठीपुत्राच्या नाण्यांवर आपला ठसा मारला. गौतमीपुत्राने त्या दोघांच्याही नाण्यांवर मारला. नव्या ठशाखाली जुन्या ठशाची एखादी रेषा, अर्धे अक्षर, धनुष्याचे टोक शिल्लक राहते. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात या नाण्यांचा अभ्यास केला, आणि १९०८ साली रॅप्सनने ब्रिटिश म्युझियमच्या आंध्र-क्षत्रप नाण्यांच्या सूचीत हा क्रम मांडला.

४/ म्हणजे एका घराण्याचा वंशक्रम मिलिमीटरच्या अंशाएवढ्या जाडीच्या थरात साठवलेला आहे. तो थर गेला की नाणे वजनाने बरेचसे शिल्लक राहील, पण साक्ष देणार नाही. आणि शिशाचा हा थर नेमका कशाने जातो? जमिनीत दोन हजार वर्षे पडून राहिल्याने तो फारसा जात नाही. चुकीच्या लाकडाच्या खणात काही दशके ठेवल्याने मात्र जातो.

५/ हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. माती, पाणी, मुळे, कीटक यांतून वाचलेली वस्तू कुलूपबंद कपाटात का नासावी? मातीत शिशावर हळूहळू एक घट्ट, राखाडी आवरण तयार होते आणि पुष्कळदा तेच आतल्या धातूचे रक्षण करते. खणातली हवा कोंडलेली असते. तिथे लाकूड स्वतः सतत काहीतरी सोडत असते, आणि जे सोडते त्याला बाहेर जायला वाट नसते.

६/ लाकडातील हेमिसेल्युलोज या घटकाला ॲसेटिल गट जोडलेले असतात. ओलाव्याने ते सुटतात आणि ॲसेटिक आम्ल तयार होते. हे तेच आम्ल, जे सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते. सर्वच लाकडांत ही क्रिया थोडीफार चालते, परंतु ओकमध्ये ती फार जोरकस असते. लाकूड जुने झाले म्हणजे ती थांबली, असेही नाही. दशकानुदशके ती चालू राहते. युरोपात उत्तम फर्निचर म्हणजे ओक, हे समीकरण शतकानुशतके रूढ होते हे लक्षात घ्या.

७/ आम्लाच्या वाफा शिशावर बसल्या की आधी शिशाचे ॲसेटेट बनते. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचे पांढऱ्या कार्बोनेटमध्ये रूपांतर करतो, आणि या घडामोडीत आम्ल पुन्हा मोकळे होऊन शिशाच्या पुढच्या थराकडे वळते. म्हणून थोड्याशा आम्लानेही बरेच नुकसान होते. शेवटी खाचेत नाण्याऐवजी पांढरी भुकटी सापडते. (अशी भुकटी दिसली तर फुंकर मारू नका, बोटाने पुसू नका. ती विषारी आहे.)

८/ यातला सर्वांत बोचरा भाग असा की ही प्रक्रिया माणसाला फार जुनी माहीत होती! चित्रकारांचा पांढरा रंग, ज्याला आपण सफेदा म्हणतो, तो शिसे आणि सिरका यांपासूनच बनत असे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस थिओफ्रास्टसने त्याचे वर्णन केले आहे. पुढे डच कारखान्यांत मातीच्या भांड्यांत तळाशी सिरका, वर शिशाच्या गुंडाळ्या, आणि भोवती घोड्याची लीद अशी थप्पी रचून ठेवत. लीद उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड पुरवी. काही आठवड्यांनी शिशाचा सफेदा तयार. ओकचा बंद खण म्हणजे हाच कारखाना, फक्त संथ गतीचा.

९/ तरीही कपाट घडवताना हा संबंध फार उशिरा लक्षात आला. १८९९ साली लॉफ्टस बाइन या शंखसंग्राहकाने कपाटातल्या शंख-शिंपल्यांवर येणाऱ्या पांढऱ्या पुटाविषयी लिहिले. कारण त्याने जिवाणूंचे मानले, ते चुकीचे होते. खरा दोष लाकडाच्या आम्लाचा होता. तरी आजही त्या विकाराला ‘बाइनचा रोग’ म्हणतात. शंखाचा चुना आणि नाण्याचे शिसे, दोघांचा शत्रू एकच.

१०/ आता थोडे मागे जाऊ. पेट्रार्कने १३५४ साली मांतुआ येथे सम्राट चौथ्या कार्लला रोमन सम्राटांची काही नाणी भेट दिली, ती पूर्वजांचे आदर्श डोळ्यांसमोर राहावेत म्हणून. पुढच्या शतकांत नाणी जमवणे हा राजांचा छंद झाला आणि कपाट हे त्या छंदाचे दर्शनी अंग झाले. पंधराव्या लुईसाठी गोद्रोने घडवलेले पदकांचे कपाट (१७३८-३९) आजही व्हर्सायच्या राजवाड्यात आहे, सोनेरी कांस्याच्या नक्षीने मढवलेले. वरून भारी लाकडाचा पातळ पापुद्रा आणि आत ओकचा सांगाडा, ही त्या काळच्या फ्रेंच सुतारकामाची नेहमीची रीत होती. सोन्याला ॲसेटिक आम्लाची भीती नाही, चांदीलाही फारशी नाही. राजांच्या संग्रहात मुख्यतः हेच दोन धातू असत. शिसे हा बाजारहाटाचा धातू, त्याची चिंता कोण करणार?

११/ इंग्लंडमध्ये गोष्ट वेगळी घडली, आणि ती कोणाच्या रसायनज्ञानामुळे नव्हे. १७२१ च्या एका कायद्याने अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली. जमैकाची महोगनी स्वस्तात येऊ लागली. सुतारांना ती आवडली, कारण ती कमी आकसते, वाकत नाही, बारीक कापता येते. नाण्यांच्या कपाटात वीस-तीस पातळ तबके एकावर एक सरकवायची असतात आणि प्रत्येकात गोल खाचा कोरायच्या असतात. तबक किंचित जरी वाकले तरी अडकते. या कामाला महोगनीसारखे लाकूड नाही. इंग्रजी नाणेकपाट म्हणजे महोगनी, हे असे ठरले.

१२/ योगायोग असा की महोगनी ओकच्या तुलनेत आम्लही बरेच कमी सोडते. ज्या निर्णयाने असंख्य नाणी वाचली, तो जकातीच्या हिशेबातून आणि सुताराच्या सोयीतून झालेला होता. मात्र त्या स्वस्ताईची किंमत दुसऱ्याच कोणी मोजली. जमैकात आणि होंडुरासच्या आखाताकाठी, म्हणजे आजच्या बेलीझमध्ये, हे वृक्ष गुलाम आफ्रिकी माणसांनी तोडले. बेलीझच्या राष्ट्रध्वजावर आजही महोगनीचे झाड आणि दोन लाकूडतोडे आहेत. संग्रहालयातले सुबक तबक पाहताना हा इतिहास सहसा कोणाच्या मनात येत नाही. यावा, असे मला वाटते.

१३/ हिंदुस्थानात महोगनीची रोपे १७९५ साली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली, पण आपल्याकडे कपाट म्हटले की सागवान. सागवान वाळवी लागू देत नाही, पावसाळ्यात टिकते, म्हणून ते योग्यच वाटते. धातूंवरील परिणामांच्या ब्रिटिश तक्त्यांत मात्र ओक आणि चेस्टनट सर्वांत घातक गटात, सागवान मधल्या गटात, तर अक्रोड आणि आफ्रिकी महोगनी त्याहून सौम्य गटात आहेत. तांब्या-चांदीसाठी जुने, नीट वाळलेले सागवान चालून जाईल. शिशासाठी मी ते सुचवणार नाही. देवदार किंवा कापराचे लाकूड तर नकोच: खण उघडताच जो सुवास येतो, तीच नाण्यांवर बसणारी वाफ.

१४/ सर्वांत वाईट पर्याय आज सर्वांत सहज मिळतो: प्लायवूड आणि एमडीएफ. त्यांतल्या युरिया-फॉर्माल्डिहाइड डिंकातून फॉर्माल्डिहाइड निघते आणि त्याचे पुढे फॉर्मिक आम्ल होते. ताजे तेलयुक्त पॉलिश किंवा रंगही वाळताना आम्ले सोडतो. नवे कपाट घेतलेच तर ते काही महिने उघडे ठेवून मगच त्यात नाणी ठेवावीत.

१५/ मग खात्री कशी करायची? १९७३ साली ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी एक साधी कसोटी मांडली. शंकास्पद लाकडाचा किंवा कापडाचा तुकडा, थोडेसे पाणी आणि चांदी, तांबे व शिसे यांच्या चकचकीत पट्ट्या एका बंद पात्रात ठेवायच्या; ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस. शिशावर पांढरे आले तर आम्ल आहे, चांदी काळवंडली तर गंधक आहे. जगभरची संग्रहालये प्रदर्शन-कपाटांचे साहित्य आजही ‘ऑडी टेस्ट’ने पारखतात.

१६/ गंधकावरून आठवले. जुन्या कपाटांत तबकांना हिरवी बनात किंवा लोकरीचा नमदा लावलेला असतो. दिसतो झकास, पण लोकरीत गंधक असते आणि ते चांदीला काळे करते. रबराचेही तेच. नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. इथेही इतिहास एका ठशाखालच्या दुसऱ्या ठशात आहे. चांदीचा काळेपणा शिशाच्या भुकटीइतका घातक नाही. पण तो घासून काढण्याचा मोह होतो, आणि घासणे घातक आहे.

१७/ आपल्यापैकी बहुतेकांची सुरुवात शिवराईपासून होते, म्हणजे तांब्यापासून. तांब्याचा खरा वैरी क्लोराइड: घामेजलेला तळवा, मुंबई-कोकणची खारी हवा, आणि मऊ पीव्हीसीची स्वस्त पाकिटे, ज्यांतून काही वर्षांनी हिरवट चिकट द्रव सुटतो. नाणे कडेने धरा. हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. सिलिका जेलच्या पुड्या दर पावसाळ्यात बदला किंवा तापवून पुन्हा वापरा. आणि शिवराईला चिंच लावून घासणे आजच थांबवा. आजीने तांब्या लख्ख केला ते ठीक, पण नाण्यावरचा थर म्हणजे मळ नसतो.

१८/ तर कपाट कोणते? चांदी-तांब्याचा छोटा संग्रह असेल आणि जुने महोगनीचे किंवा अक्रोडाचे खण मिळत असतील तर निःशंक घ्या. अमेरिकी महोगनीच्या व्यापारावर आता आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, म्हणून नवे महागच पडेल. भट्टीत पक्का केलेला रंग असलेले पोलादी खण दिसायला रुक्ष, पण शिशासाठी तेच बरे. लाकडीच हवे असेल तर शिशाची नाणी त्यात ठेवूच नका. पॉलिप्रॉपिलीनच्या घट्ट झाकणाच्या डबीत, आम्लमुक्त कागदावर, वेगळी ठेवा. दर सहा महिन्यांनी भिंगाखाली पाहा. कडेला पांढरा ठिपका दिसला की त्याच दिवशी जागा बदला.

१९/ शेवटी एक गोष्ट जी लाकडाइतकीच महत्त्वाची आहे. जुन्या तबकांत प्रत्येक नाण्याखाली एक गोल चिठ्ठी असते: राजा, धातू, वजन, कोठे मिळाले, केव्हा मिळाले. ‘कोल्हापूर’ एवढा एक शब्द त्या चिठ्ठीवर असल्यामुळे कुर राजांचा प्रदेश ठरवता येतो. तीच चिठ्ठी साध्या आम्लयुक्त कागदाची असेल तर नाण्याला खालून खाते, म्हणून तीही आम्लमुक्त कागदाची करा आणि पेन्सिलीने लिहा. नाणे विकत घेताना विक्रेत्याला ते कोणत्या गावचे हे आवर्जून विचारा, आणि तो सांगेल ते तो सांगतो म्हणून नोंदवा, खात्रीचे म्हणून नव्हे.