चिमुकल्यांना घेऊन अलिबाग-श्रीवर्धनच्या शेतावर जाताय? आधी हे वाचा

मुंबई-पुण्याच्या अनेक कुटुंबांसाठी रायगडचा किनारा म्हणजे समुद्र, मासे आणि वीकेंड. पण रस्त्यापासून थोडं आत वळलं की नारळ-पोफळीच्या वाड्या, भातखाचरं आणि कांद्याचे वाफे लागतात. एक ते तीन वर्षांच्या मुलाला ही शेती दाखवायची असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. चालती शेती म्हणजे बाग नव्हे. तिथे लहान मुलांचा विचार करून कुंपण घातलेलं नसतं.

कधी जावं?

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. हवा बरी असते आणि शेतात बघण्यासारखं बरंच असतं. अलिबाग तालुक्यात भात कापल्यावर पांढरा कांदा लावतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो निघतो आणि पातीसकट विणून त्याच्या माळी करतात. या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

जुलैमधली भातलावणी फोटोत छान दिसते, पण चिमुकल्यांना चिखलात उतरवणं टाळा. उंदीर आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. त्वचेवरची छोटी जखमही त्याला पुरते.

सर्वात मोठा धोका कोणता?

पाणी. चौल, नागाव, रेवदंडा या भागांतल्या वाड्यांमध्ये विहिरी असतात. खारेपाटात जिताडा माशांची तळी असतात. लहान मूल पाण्यात पडलं तर आवाज होईलच असं नाही. म्हणून पोहोचल्यावर पहिला प्रश्न विचारा: विहीर, टाकी आणि तळं कुठे आहे? त्या परिसरात मूल हाताच्या अंतरावरच हवं. 'सगळ्यांचं लक्ष आहे' असं म्हणू नका. एका वेळी एकाच मोठ्या माणसावर जबाबदारी द्या.

झाडाखाली बसताना वर बघा. नारळ आणि सुकलेल्या झावळ्या कधीही पडतात. नारळाखाली चटई किंवा बाबागाडी नको.

विंचू-सापाचं काय?

विंचू दगडांखाली, लाकडांच्या आणि नारळाच्या सोडणांच्या ढिगात दडतो. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतो. याच जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून उपचारांची दिशा बदलली. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

दंशानंतर खूप घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही धोक्याची लक्षणं आहेत. मात्र लक्षणांची वाट न बघता मुलाला रुग्णालयात न्या. साप चावला तर जखम कापू नका, आवळून बांधू नका. तो भाग हलू देऊ नका आणि १०८ वर फोन करा. सर्पदंशाची लस असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, हे निघण्याआधीच यजमानांना विचारून ठेवा.

गोठ्यात नेलं तर?

नक्की न्या, पण मूल कडेवर ठेवा आणि गुरांच्या मागून जाऊ नका. दुधाची बाटली, चोखणी, खाऊ गोठ्यात नेऊ नका. बाहेर आल्यावर हात साबणाने धुवा. शेणामातीने माखलेल्या हातांवर सॅनिटायझर पुरेसा नसतो. धारोष्ण दूध कितीही ताजं असलं तरी उकळूनच द्या.

श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. वाडीत पडलेली केशरी सुपारी मुलांना खेळणं वाटते आणि थेट तोंडात जाते. ती घशात अडकू शकते. कीटकनाशकांच्या आणि खतांच्या खोलीला कडी आहे का, अलीकडे फवारणी झाली आहे का, हेही विचारा.

शेतकऱ्याची बाजू

महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने याच किनाऱ्यावरच्या वाड्या झोपवल्या. नारळ-पोफळीचं नवं झाड फळायला काही वर्षं जातात. त्यामुळे एक रोप तुडवलं गेलं तरी नुकसान मोठं असतं. वाफ्यांच्या बांधावरून चाला आणि विचारल्याशिवाय काही तोडू नका.

दोन तास पुरेत. या वयाच्या मुलाला अख्खी शेती बघायची नसते. पाटाचं वाहतं पाणी, एक वासरू आणि एक शहाळं यांत त्याची सकाळ मजेत जाते.