किल्लारी, गाठोडी आणि गावोगावच्या भगिनी

ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने मंडळाची जुनी इतिवृत्ते चाळण्याचे काम माझ्याकडे आले. १९९३ सालच्या वहीत ऑक्टोबरच्या पानावर माझ्याच हस्ताक्षरात एक नोंद सापडली: ‘भूकंपग्रस्त बांधवांसाठी कपड्यांची सत्तावीस गाठोडी रवाना केली. सर्व भगिनींचे अभिनंदन.’ ती वाचताना मन थोडे ओशाळे झाले. का झाले, ते सांगावयाचे म्हणजे किल्लारीची सारी हकीकत सांगावी लागते. आज मंडळात येणाऱ्या पुष्कळशा सुनांचा त्यावेळी जन्मही झाला नव्हता, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

त्या साली २९ सप्टेंबरला गणपतींचे विसर्जन झाले. मिरवणुका आटोपून लोक उशिरा निजले, आणि ३० तारखेस पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) ह्या जिल्ह्यांच्या सीमेवर धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. हा मुलूख भूकंपापासून सुरक्षित असे शास्त्रज्ञ धरून चालले होते. आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यानंतर, किल्लारीला धक्के बसले होते आणि लोक घाबरूनही गेले होते; पण पुढे ते थांबले आणि माणसे पुन्हा घरात निजू लागली.

इतकी माणसे दगावण्याचे कारण घरातच होते. मराठवाड्यातील जुने घर म्हणजे दगड आणि माती. दोन-दोन हात रुंदीच्या भिंती, बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये गोटे आणि चिखल भरलेला. वर लाकडी खांब-तुळयांवर माळवद, आणि त्या माळवदावर मातीचा जाड थर. ऊन लागू नये, पाऊस गळू नये म्हणून त्यावर पुन्हा माती चढवावयाची. उन्हाळ्यात असे घर किती थंडगार असते, हे त्या बाजूच्या माहेरवाशिणींना विचारावे! तोच भार झोपलेल्या माणसांवर आला. काही ठिकाणी लाकडी सांगाडा तसाच उभा राहिला आणि भिंती मात्र ढासळल्या.

फौजेचे जवान आले, त्यांनी ढिगारे उपसले, प्रेते काढली. त्यात पाऊस लागला. रस्ते मदतीच्या गाड्यांनी भरले आणि, सांगावयास लाज वाटते, नुसते पाहावयास आलेल्या लोकांनीही भरले. साऱ्या महाराष्ट्राला त्यावेळी पाझर फुटला होता हे खरे. पण पाझर फुटणे निराळे आणि कोणाला काय हवे ते कळणे निराळे.

पुढे थंडीच्या दिवसांत आम्ही पाचजणी मंडळाचा थोडा निधी घेऊन तिकडे गेलो. रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पडलेले पाहिले. भिजलेले, कुजलेले; त्यांत शहरी मुलींचे फ्रॉक, विजारी, एकटे मोजे. आमची गाठोडी त्यांत होती की नव्हती, देव जाणे. पत्र्याच्या निवाऱ्यात एका आजींनी आम्हांला बसावयास पोते घातले आणि विचारले की, तुम्ही तवा आणलाय का? तवा आम्ही आणला नव्हता. त्यांच्याकडे दिलेले नेसूचे तीन जोड होते, पण भाकरी शेजारणीच्या तव्यावर होत होती.

असो. आता संस्थांकडे वळते, कारण मला सांगावयाचे आहे ते खरे त्यांच्याविषयी.

अनाथ झालेल्या मुलांचा प्रश्न सर्वांत आधी पुढे आला. पुण्याच्या शांतिलाल मुथ्था ह्यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले पुण्याला आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. वाघोलीचे त्यांचे केंद्र पुष्कळांना ठाऊक आहे. राष्ट्र सेवा दलाने नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ काढले. पन्नालाल सुराणा ह्यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. ज्ञान प्रबोधिनीची मंडळी मदतीसाठी म्हणून गेली आणि हराळी येथे शाळा काढून राहिली. मुलाला ढिगाऱ्यापासून दूर न्यावे की त्याच्या मातीजवळच ठेवावे, ह्यावर आमच्या मंडळात त्यावेळी बराच वाद झाला होता. माझे मत विचाराल तर दोन्ही हवे होते.

घरांचे काम सरकारने जागतिक बँकेच्या कर्जाने हाती घेतले. ५२ गावे पार नव्या जागी वसविली. जमिनीच्या मानाने कोणाला २५०, कोणाला ४००, कोणाला ७५० चौरस फुटांचे घर मिळाले. रस्ते सरळ, रुंद. पण जुन्या गल्लीत ओसरीवरून ओसरीवर होणारे बोलणे तिथे तुटले, अशी बायकांची तक्रार पुढे अनेकांनी नोंदवून ठेवली आहे. ह्याखेरीज हजारावर गावांतील सुमारे दोन लाख घरे जागच्या जागी दुरुस्त व मजबूत करावयाची होती. पैसे हप्त्याहप्त्याने, आणि काम मालकाने स्वतः करून घ्यावयाचे. आता गावच्या माणसाला कसे पटावे की माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, भिंतीभोवती पट्टा बांधा? अभियंता येणार, कागद दाखविणार आणि जाणार. बायका तर त्या सभेला बोलावल्याच जात नव्हत्या.

इथे स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेने एक निराळी वाट काढली. प्रेमा गोपालन ह्यांनी उभी केलेली ही संस्था (त्या २०२२ साली गेल्या). संस्थेचे म्हणणे असे की, गावातील महिला मंडळांनाच ह्या कामाचे दूत करावे. सरकारने ते मानले. गावागावांतील बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. ह्यांतील पुष्कळशी मंडळे तोवर नावापुरतीच होती, म्हणजे हळदीकुंकू आणि दिवाळीची रांगोळी! त्याच बायका आता घरोघर जाऊन हप्ता कधी मिळणार, त्यासाठी काय करावे लागते, हे समजावू लागल्या. अभियंत्याच्या शेजारी उभ्या राहून भिंत पाहू लागल्या. गवंड्याने आरपार दगड चुकवला तर विचारू लागल्या. सासऱ्यादेखत डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या सुनेने भरसभेत बोलणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी जुन्या भगिनींना सांगावयास नको. घरात दिवसभर कोण असते, चूल कोठे, भिंतीला भेग केव्हा पडली, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत होते?

घरांचे काम १९९८ च्या सुमारास संपले. मंडळे मोडली नाहीत. बचत गट होऊन टिकली. आणि २००१ च्या २६ जानेवारीला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या ह्या बायका गुजरातेत गेल्या. भाषा वेगळी, पण पडलेली भिंत ओळखीची. १९९३ साली ज्यांच्यासाठी आपण गाठोडी बांधीत होतो, त्याच आता दुसऱ्यांना घर कसे बांधून घ्यावे ते सांगत होत्या. २००४ च्या सुनामीनंतर त्या तमिळनाडूतही जाऊन आल्या.

आपल्या २००१ च्या वहीत फेब्रुवारीची नोंद आहे. अक्षर माझे नाही. कच्छसाठी कपडे गोळा करावेत असा ठराव आला. मी विरोध केला आणि बोलणे बरेच वाढले. दोन भगिनी रागावून उठून गेल्या, त्यांतली एक माझी सख्खी जाऊ. शेवटी ठरले ते असे: आधी पत्र लिहून काय हवे ते विचारावे, तोवर पैसे बँकेत ठेवावेत. उत्तर यावयास सतरा दिवस लागले. त्यात कपड्यांचा उल्लेख नव्हता. ताडपत्री आणि भांडी मागितली होती. यादीत पहिले भांडे तवा होते.