बसायला जागा

बंगळुरात कुठे काय खावं यावर प्रत्येकाचं ठाम मत असतं. मसाला डोसा गांधी बझारचा खरा की मल्लेश्वरमचा, सांबारात गूळ असावा की नसावा, कॉफीत चिकोरी किती चालते, हे वाद इथे घराघरांत रंगतात आणि ते मिटावेत असं कुणालाच वाटत नाही. पंचवीस वर्षं इथे राहिल्यावर माझीही मतं पक्की झाली आहेत. पण चवीबद्दल बोलताना आपण ज्या खुर्चीवर बसून ती चव घेतली, त्या खुर्चीबद्दल सहसा बोलत नाही. तिथे कोणाला बसता येत होतं, कोणाच्या शेजारी, किती वेळ आणि किती पैशांत, हे विचारायला लागलं की या शहरातल्या हॉटेलांचा इतिहास पदार्थांपेक्षा बसण्याचा इतिहास वाटू लागतो.

सुरुवात नावांपासून करू. आज 'एमटीआर' म्हणून ओळखलं जाणारं हॉटेल १९२४ साली निघालं तेव्हा त्याचं नाव 'ब्राह्मण कॉफी क्लब' होतं. उडुपीकडून आलेल्या मय्या बंधूंनी ते काढलं. लालबाग रस्त्यावरच्या आजच्या जागेत आल्यावर १९६० मध्ये ते 'मावळ्ळी टिफिन रूम्स' झालं. शंकरपुरमच्या बाजूला १९६५ पासून चालणाऱ्या एका छोट्या दुकानाच्या पाटीवर 'ब्राह्मिन्स कॉफी बार' हे नाव आजही आहे, आणि 'अय्यंगार बेकरी' तर गल्लोगल्ली दिसते.

या पाट्या मालकाचा अभिमान सांगत असतील, पण त्याआधी त्या गिऱ्हाइकाच्या भीतीला दिलेलं उत्तर होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घराबाहेरचं शिजवलेलं अन्न खाणं ही साधी गोष्ट नव्हती. कोणी शिजवलं, कोणी वाढलं, पाणी कोणी भरलं, या शंका प्रत्येक घासाआड उभ्या असत. ब्राह्मणाच्या हातचं सर्व जातींना चालतं, या समजुतीवर उडुपीकडच्या स्वयंपाक्यांचा धंदा उभा राहिला. देवळांच्या आणि मठांच्या स्वयंपाकघरांत शिकलेली शिस्त त्यांच्यापाशी होतीच. १९२३ च्या पुराने दक्षिण कॅनरा किनारा उद्ध्वस्त केल्यावर तिथून बाहेर पडणाऱ्यांची संख्या वाढली. मद्रास, मुंबई, बंगळूर, जिथे नोकरदार वर्ग वाढत होता तिथे ते पोचले. मराठीत 'उडपी' हे गावाचं नाव न राहता हॉटेलाचंच नाव झालं, ते याच प्रवासात.

पण 'सर्वांना चालणारं' अन्न म्हणजे सर्वांना चालणारी पंगत नव्हे. त्या काळी दक्षिणेतल्या अनेक हॉटेलांत ब्राह्मणांना बसायला वेगळी खोली असे, आणि ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं त्यांना आत पाऊलही टाकता येत नसे. म्हणून भारताच्या संविधानाचं पंधरावं कलम मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा एका शब्दाशी थांबते. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही जिथे मज्जाव करता येणार नाही अशा जागांच्या यादीत दुकानांच्या जोडीला सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं स्पष्ट नावानिशी आली आहेत. राज्यघटनेत चहा-फराळाच्या जागेचा उल्लेख करावा लागला, यावरूनच एका खुर्चीची किंमत काय होती ते कळतं. जुन्या पाटीखाली मिळणारी इडली मऊ असेल, चटणी मागाल तितकी मिळत असेल, आणि मीही ती आनंदाने खाते. पण 'जुनं ते सोनं' असं म्हणत त्या पाटीचे फोटो काढणाऱ्यांच्या उत्साहात मला सामील होता येत नाही.

याच शहरात दुसऱ्या प्रकारची एक पाटी आहे: 'मिलिटरी हॉटेल'. बाहेरून आलेल्या माणसाला ती सैन्याची खानावळ वाटते. प्रत्यक्षात ती मांसाहारी जेवणाची जागा असते, आणि यांतली काही नावाजलेली हॉटेलं मराठी घराण्यांनी चालवलेली आहेत. 'शिवाजी मिलिटरी हॉटेल' हे नाव इथल्या बिर्याणीप्रेमींना सांगावं लागत नाही. मराठी माणसाचा या शहराशी संबंध जुना आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने केंपेगौडांच्या वंशजाकडून बंगळूर घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. राजवट गेली, भाषा मात्र ताटात उरली. कन्नडमध्ये वांग्याला बदनेकाई म्हणतात, पण वांग्याच्या भाताला 'वांगी बात'च म्हणतात. बारीक रव्याला इथे 'चिरोटी रवे' म्हणतात. मिलिटरी हॉटेलातली बिर्याणी ज्या पानाच्या वाटीत येते तिला 'दोन्ने' म्हणतात, आपला द्रोणच तो. उलट 'खारा बात' मागवलात तर भाताऐवजी तिखटसर उपमा समोर येतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मराठी माणूस तिथे चकित होतो.

मिलिटरी हॉटेलांबद्दल माझं मत सरळ आहे. शहराच्या आठवणींत त्यांना मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. बंगळूरच्या खाद्यपरंपरेवर लिहिणारे लोक डोसा, फिल्टर कॉफी आणि चकचकीत पितळी तांब्या-पेल्यांपाशी थांबतात. नाचणीचे मुद्दे, पायाचं सूप, खिमा, बारीक तांदळाची बिर्याणी, हमालापासून वकिलापर्यंत एकाच बाकावर बसलेली गर्दी, हे सगळं त्या वर्णनात शेवटच्या ओळीत येतं. अमुक एक खाणं शहराची ओळख आणि तमुक खाणं त्याची तळटीप, ही विभागणी जिभेने केलेली नाही. ज्या वर्गाने लिहिलं, त्याने आपल्या ताटाला शहराचं ताट म्हटलं, इतकंच.

कँटोन्मेंटकडे गेलं की प्रश्न बदलतो. तिथे 'कोणाशेजारी' याच्याइतकाच 'किती वेळ' हाही प्रश्न येतो. १८०९ मध्ये इंग्रजांनी वसवलेली छावणी आणि जुनी पेठ या दोन वेगळ्या वस्त्या होत्या. दोन्हींची मिळून एक महापालिका झाली ती १९४९ मध्ये. छावणीच्या बाजूला बेकऱ्या आणि कॅफे होते, तिथे चहाच्या एका कपावर तास काढता येई. सेंट मार्क्स रोडवरचं 'कोशीज' त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध. पत्रकार, चित्रकार, नाटकवाले, चळवळीतले लोक तिथे बसत आले आहेत. महात्मा गांधी रस्त्यावरचं कॉफी हाऊस त्याहून स्वस्त. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसेस बंद करायला घेतली तेव्हा कामगारांनी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या. अशी पहिली संस्था १९५७ मध्ये बंगळुरातच स्थापन झाली. वाढपीच मालक असलेल्या या जागेत उठायची घाई कोणी करत नसे. २००९ मध्ये ते कॉफी हाऊस महात्मा गांधी रस्ता सोडून चर्च स्ट्रीटवर गेलं. तोपर्यंत शहरात 'कॅफे कॉफी डे' येऊन तेरा वर्षं झाली होती. तिथेही तासन्‌तास बसता येत होतं, पण कॉफीचे दर पाहून बरेच लोक दारातूनच परतत.

गांधी बझारच्या 'विद्यार्थी भवन'चं नातं वेगळ्या प्रकारच्या बैठकीशी आहे. १९४३ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी निघालेलं हे हॉटेल बसवनगुडीतल्या कन्नड लेखकांचंही झालं. भिंतींवर आजही लेखकांची चित्रं आहेत. पांढऱ्या पंचातला वाढपी एका हातावर डोशांच्या ताटल्यांची चळत तोलत येतो आणि ज्याची त्याला देतो. वरून कडक, आतून लुसलुशीत डोसा, पातळ चटणी, सांबार नाही. माझ्या मते डोशाबरोबर सांबार न देण्याचा त्यांचा हट्ट योग्यच आहे. पण टेबल मोकळं नसेल तर अनोळखी माणसाच्या टेबलावर बसायचं, हा तिथला रिवाज मला डोशाहून मोलाचा वाटतो. ज्या देशात संविधानाला हॉटेलांची नावं घ्यावी लागली, तिथे कोण कुठला हे न विचारता समोरासमोर बसून खाणं ही किरकोळ गोष्ट नाही.

बायकांना मात्र ही मोकळीक उशिरा मिळाली. मी बंगळुरात आले तेव्हा एका हॉटेलात तळमजल्यावर एकटीच बसले, तर वाढप्याने अदबीने सांगितलं, "अम्मा, फॅमिली रूम माडीवर आहे." माझ्यासोबत फॅमिली नव्हती, फक्त भूक होती. देशभरातल्या हॉटेलांत अशा खोल्या होत्या, कुठे पडदे लावलेल्या, कुठे लाकडी फळ्यांनी आडोसा केलेल्या. त्यांनी बायकांना हॉटेलाची दारं उघडली हे खरं, पण आत आल्यावर त्यांना पुन्हा घरातच बसवलं. जुन्या कॉफी हाऊसमधल्या चर्चांच्या आठवणी पुरुषांच्याच का असतात, याचं एक कारण त्या माडीवरच्या खोलीत आहे.

आता पैशांचा प्रश्न. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. तांदळाच्या टंचाईत रव्याची इडली आपण शोधली, असं एमटीआर सांगतं. आज तुपाची वाटी आणि सागूबरोबर ती खाताना कोणाला टंचाई आठवत नाही. पुढे आणीबाणीत सरकारने हॉटेलांतल्या पदार्थांचे दर उतरवले. त्या दरात दर्जा राखणं परवडेना, म्हणून एमटीआरच्या मालकांनी काही दिवस तोटा सोसला आणि शेवटी हॉटेल बंद केलं. घरी करायच्या तयार पिठांच्या धंद्याने त्यांना तगवलं. हॉटेल पुन्हा उघडलं ते १९८४ मध्ये, आणि पिठांचा धंदा २००७ मध्ये नॉर्वेच्या 'ऑर्कला'ने विकत घेतला. या कथेत सरकार खलनायक आणि हॉटेलवाला हुतात्मा असं सांगण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. दर्जा सांभाळणाऱ्याचा खर्च खरा होता, तसाच स्वस्त जेवण लागणाऱ्या माणसाचा रिकामा खिसाही खरा होता. दोघांचा हिशेब एका फर्मानाने जुळणारा नव्हता.

तो काही अंशी जुळवला तो १९८३ मध्ये जयनगरला निघालेल्या 'कॅफे दर्शिनी'ने. खुर्च्या नाहीत, वाढपी नाही. पैसे भरा, कुपन द्या, उंच टेबलाशी उभं राहून खा आणि निघा. स्वयंपाकघर समोरच, काय चाललं आहे ते दिसतं. ही पद्धत इतकी फोफावली की 'दर्शिनी' हे एका हॉटेलाचं नाव न राहता प्रकाराचं नाव झालं. उभ्याने खाणाऱ्यांत वेगळी खोली काढता येत नाही, 'फॅमिली' माडीवर पाठवता येत नाही. झाडूवाली, बँकेतला साहेब, कॉलेजातली मुलगी एकाच टेबलाशी कोपर टेकून इडली-वडा खातात. एक कॉफी दोघांत वाटून घेण्याची 'बाय टू'ची सोय तिथेही आहे, आणि ती मागायला कोणी लाजत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये राज्य सरकारने इंदिरा कँटीन सुरू केली, ५ रुपयांत नाश्ता आणि १० रुपयांत जेवण. तिथेही लोक उभ्यानेच जेवू लागले.

माझ्या मते दर्शिनी ही बंगळूरने देशाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट आहे, डोशाहूनही. पण तिची किंमतही आहे. समता आली ती खुर्ची काढून घेऊन. म्हाताऱ्यांना, गुडघे दुखणाऱ्यांना, कडेवर मूल घेतलेल्या बाईला दहा मिनिटंसुद्धा टेकता येत नाही, आणि बोलणं तर होतच नाही. सगळ्यांना समान वागवायचं ठरलं तेव्हा सगळ्यांना बसवण्याऐवजी सगळ्यांना उभं करणं सोपं गेलं.

आणि आता उभं राहणाऱ्यांची एक नवी रांग आहे. घरपोच जेवण पोचवणारी 'स्विगी' २०१४ मध्ये याच शहरात जन्मली. आता कोणत्याही बऱ्या हॉटेलाच्या बाहेर संध्याकाळी रंगीत टी-शर्ट घातलेली मुलं हेल्मेट काखेत धरून पार्सलची वाट पाहत असतात. आत खुर्च्या रिकाम्या असल्या तरी ती पायरीवर किंवा गाडीवर बसतात. माझ्या घराजवळच्या एका हॉटेलात त्यांच्यासाठी मागच्या बाजूला वेगळं दार आहे आणि तिथल्या नळावर पाणी प्यायला सांगतात. कोणी जात विचारत नाही, कायद्याने विचारताही येणार नाही. तरीही दार वेगळं, पाणी वेगळं. जुन्या पाटीवर जे उघड लिहिलेलं असे ते आता न लिहिता पाळलं जातं.

म्हणून अलीकडे कोणी विचारलं की बंगळुरात कुठे जेवायला जावं, तर मी आधी पदार्थांची नावं सांगत नाही. बिल देताना मी एक प्रश्न विचारते, पार्सल न्यायला येणारी मुलं इथे कुठे बसतात? बहुतेक जागी मॅनेजरला प्रश्नच कळत नाही. ज्या दोन-तीन ठिकाणी दाराशी बाकडं आणि पाण्याचा जग ठेवलेला दिसला, तिथे मी पाहुण्यांना घेऊन जाते. त्यांतल्या एका ठिकाणचं सांबार जरा गोड आहे, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवते.