कष्ट, आहार आणि विसावा : माणगावचा इतिहास

रायगड जिल्ह्यातील माणगाव हा पिढ्यानपिढ्या अंगमेहनतीवर जगलेला तालुका आहे. एका बाजूला सह्याद्रीच्या उतरणी, मधून वाहणारी काळ नदी, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि खाचरांतली भातशेती, असे त्याचे रूप. इथल्या माणसाने शंभर-दीडशे वर्षांत तीन प्रकारचे कष्ट केले : शेतातले, मुंबईच्या गिरणीतले आणि आता कारखाना-कचेरीतले. प्रत्येक वेळी कामाचे तास, ताटातले अन्न आणि शरीराला मिळणारी उसंत यांचा मेळ नव्याने घालावा लागला. हा मेळ एकट्या माणसाच्या निग्रहावर कधीच उभा नव्हता. तो आधी रूढीने, मग खाणावळ, तालीम आणि कायदा यांनी सांभाळला.

भातशेतीचे वर्ष उन्हाळ्यात राब भाजण्यापासून सुरू होई. रोपे वाढवायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, टहाळ आणि गवत पसरून ते जाळायचे, मृगाच्या पावसावर तिथे पेरायचे आणि तीनेक आठवड्यांनी रोपे उपटून चिखळणी केलेल्या खाचरांत लावायची. लावणीचे दिवस सर्वांत खडतर. पुरुष बैलांमागे गुडघाभर चिखलात, बायका डोईवर इरले घेऊन दिवसभर वाकलेल्या. एका घराच्या हातांनी हे काम वेळेत उरकत नसे, म्हणून घरे पाळीपाळीने एकमेकांच्या शेतात उतरत. ज्याचे शेत त्याच्याकडे त्या दिवसाचे जेवण, ही रीत होती. त्यामुळे ज्या आठवड्यांत शरीर सर्वाधिक झिजे, त्याच आठवड्यांत पोटभर अन्नाची जबाबदारी एका घरावर न पडता सगळ्या वाडीवर पडे.

हे अन्न साधे पण विचारपूर्वक जमवलेले असे. पावसाळ्यात बाजार आणि वाटा बंद होत, म्हणून आगोटीला सुकट, जवळा, सुके बोंबील, मीठ, मिरची आणि कडधान्ये भरून ठेवत. सकाळी पेज किंवा तांदळाची भाकरी, शेतावर नेलेल्या टोपलीत भाकरीबरोबर सुकटीची चटणी किंवा कुळथाची पिठी, रात्री भात आणि कालवण. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी पिके. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. दूधदुभते बेताचेच असलेल्या घरांत हाडांना बळ मिळे ते या धान्यातून आणि काट्यासकट खाल्लेल्या बारीक सुक्या मासळीतून. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी अशा रानभाज्या येत, आणि पाण्याबरोबर ओढ्या-खाचरांत चढणारी वलगणीची मासळी आयतीच मिळे.

भात निघाल्यावर खाचरातल्या ओलीवर वाल पेरत. थंडीत त्याच्या शेंगा भरल्या की पोपटीचा बेत ठरे. मातीच्या मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, कुठे अंडी किंवा कोंबडी भरायची, तोंड पुन्हा पाल्यानेच घट्ट बंद करायचे आणि मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेलाचा थेंब नाही. शेंगा स्वतःच्या वाफेवर शिजतात. कापणी-झोडणीचे कष्ट संपल्यावरचे हे सामुदायिक जेवण आजही रायगडभर टिकून आहे.

व्यायाम म्हणून वेगळे काही करण्याचा प्रश्नच नव्हता. नांगरणी, लावणी, भाऱ्यांची ने-आण आणि डोंगरवाटांची चाल यांतच शरीर कसले जाई. शरीराला गरज होती ती विसाव्याची, आणि तो कालगणनेतच बसवलेला होता. आठवड्यातून एक दिवस, पुष्कळ ठिकाणी सोमवारी, बैल न जुंपण्याची रीत महाराष्ट्राच्या अनेक भागांत होती. बैलाच्या निमित्ताने माणसालाही उसंत मिळे. लावणी-बेणणी आटोपली की गौरी-गणपती, कापणीच्या तोंडावर दसरा, शेते मोकळी झाली की शिमगा. गणपतीतल्या बाल्या नाचात आणि शिमग्याच्या खेळांत, एरवी एकाच कामाने आखडलेले अंग मनसोक्त हलत असे.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या उणिवा विसरता येत नाहीत. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होऊ लागे आणि गरीब घरांत पेज पातळ होत जाई. बाईचा दिवस पहाटे जात्यावर सुरू होई, मग उखळ-मुसळ, पाणी, चूल आणि त्यानंतर शेत. सोमवारी बैल सुटला तरी चूल सुटत नसे. तालुक्यात मोठ्या संख्येने असलेल्या कातकरी समाजाकडे स्वतःची जमीन क्वचितच असे. कोळसा पाडणे, मजुरी, पुढे वीटभट्ट्या अशा कामांसाठी त्यांना दिवाळीनंतर बाहेर पडावे लागे, आणि कंद, रानभाज्या, खेकडे, नदीतले मासे यांवर त्यांची गुजराण असे. विसाव्याचा वाटा घरातल्या आणि गावातल्या स्थानाप्रमाणे कमी-जास्त होता.

दुसरा टप्पा मुंबईचा. 1850 च्या दशकात तिथे कापडगिरण्या सुरू झाल्या आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, कुलाबा, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसांचा ओघ लागला. आजचा रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा जिल्हा. 1981 साली त्याचे नाव बदलले. तुटपुंज्या जमिनीवर भागत नसलेल्या घरातला एखादा पुरुष धरमतरपर्यंत जाऊन बोटीने मुंबई गाठी, आणि बायको-मुले शेतीवर मागे राहत. पैसा मुंबईहून येई आणि तांदूळ गावाहून जाई. लावणीला किंवा गणपतीला रजा काढून येणारा चाकरमानी दोन्ही कामांचा भार एकाच शरीरावर वाही.

गिरणीतला दिवस सुरुवातीला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि काही ठिकाणी काम चौदा तासांच्याही पुढे गेले. खात्यातली दमट हवा, कापसाचे तंतू आणि सतत उभे राहणे यांनी छाती आणि पाय दुखावत. हे कष्ट शेतापेक्षा निराळे होते. शेतात हंगामानुसार काम बदले, गिरणीत वर्षभर तेच हातवारे. चाळीतल्या एका गाळ्यात एकाच गावचे अनेक पुरुष राहत आणि पाळ्या सुरू झाल्यावर एकाच जागेवर आळीपाळीने झोपत.

अशा एकट्या पुरुषांच्या पोटाचा प्रश्न खाणावळींनी सोडवला. गिरणगावातल्या बायका आपल्या छोट्या खोलीत दहा-वीस गड्यांचे जेवण रांधत आणि महिन्याच्या हिशेबाने पैसे घेत. भाकरी किंवा चपाती, भाजी, आमटी, भात, ठरलेल्या वारी मासे किंवा मटण. प्रत्येकाची पाळी वेगळी असल्याने चूल पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत पेटती राही. जेवणारे बहुधा गावाकडचे, म्हणून चवही गावाकडची. पगार लांबला तर बाई उधारीवर जेवू घाली. या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे आणि सावकाराच्या व्याजातून त्यांची सुटका व्हावी म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणी कामगारांचे आरोग्य किती अंशी या बायकांच्या श्रमावर टिकून होते, हे त्या संघटनेमुळे प्रथमच ठळकपणे पुढे आले.

शरीर सांभाळण्यासाठी गिरणगावाने तालमी आणि व्यायामशाळा वाढवल्या. कुस्ती, मल्लखांब, जोर-बैठका आणि हुतुतू यांत तरुण कामगारांची संध्याकाळ जाई. हुतुतूला साहित्य लागत नाही, फक्त मोकळी जागा आणि गडी लागतात, म्हणून तो चाळीच्या मैदानात आणि कोकणातल्या गावात सारखाच रुजला. नियम बांधले जाऊन त्याची कबड्डी झाली आणि 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत ती पदकाचा खेळ म्हणून दाखल झाली. रायगड जिल्ह्यात आजही सुगीनंतर गावोगाव कबड्डीचे सामने भरतात.

मात्र तालमीत जायला वेळ हवा, आणि तो वेळ लढून मिळवावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. त्या वर्षी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या अर्जात रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची जेवणाची सुटी आणि कामाच्या ठरावीक वेळा मागितल्या होत्या. 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. 1891 च्या कायद्याने साप्ताहिक सुटी आणि दुपारची विश्रांती बंधनकारक केली. 1911 च्या कायद्याने कापडगिरण्यांत पुरुषांचा दिवस 12 तासांवर आणला, 1922 मध्ये आठवड्याची मर्यादा 60 तास, 1934 मध्ये 54 तास झाली. स्वतंत्र भारताच्या 1948 च्या कारखाने कायद्याने ती 48 तासांवर आणली, सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची केली आणि 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृहाची तरतूद केली. गावात बैलाच्या निमित्ताने मिळणारी उसंत शहरात कामगाराचा हक्क ठरली.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हा टप्पा ओसरला. अनेक कामगार कोकणात परतले. तोवर गावही बदलत होते. भातगिरणी आल्याने बायकांचे कांडण वाचले, हा मोठाच दिलासा होता. पण त्याबरोबर हातसडीचा तांदूळ गेला आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात कोंड्यातले ब जीवनसत्त्व आणि तंतू उरले नाहीत. डोलवहाळच्या बंधाऱ्यातून निघालेल्या कालव्यांचे पाणी पोहोचले तिथे उन्हाळी भात होऊ लागले. उत्पन्न वाढले आणि शेतकऱ्याच्या वर्षातला रिकामा काळ आटला. वरकस जमिनीवरची नाचणी मात्र मागे पडत गेली.

तिसरा टप्पा रस्ता, रेल्वे आणि उद्योग यांचा. मुंबई-गोवा महामार्ग माणगावातूनच जातो, आणि ताम्हिणी घाट माणगावला पुण्याशी जोडतो. 1989 साली लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा पहिला टप्पा 1993 मध्ये सुरू झाला आणि त्यावर माणगाव स्थानक आले. विळे-भागाड औद्योगिक वसाहतीत पोलादासह अनेक कारखाने उभे राहिले. आता तालुक्यातल्या तरुणाला कामासाठी मुंबई गाठणे भाग नाही, पण गिरणीतली पाळी त्याच्या दारात आली आहे. रात्रपाळीत शरीराचे झोपेचे आणि भुकेचे चक्र उलटते. जेवण अवेळी होते आणि त्याची जागा अनेकदा नाक्यावरचा वडापाव, चहा, बिस्किटे घेतात. दुकान, कचेरी, वाहन चालवणे अशा बैठ्या कामांत शरीराची हालचालच उरत नाही. अंगमेहनत करणाऱ्याला शोभणारे भाताचे प्रमाण बैठ्या माणसाच्या ताटात तसेच राहिले, तर मधुमेह आणि रक्तदाब बळावायला वाट मिळते.

या बदलाला उत्तर देण्याची साधने तालुक्याच्या स्वतःच्या इतिहासात आहेत. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा नाचणीकडे पुन्हा लक्ष गेले. ती इथल्या उतारांचेच पीक आहे. वाल, कुळीथ, सुकी मासळी आणि रानभाज्या आजही माणगावच्या बाजारात मिळतात. कबड्डीची मैदाने गावोगाव आहेत. कामाचे तास, विश्रांती आणि उपाहारगृह यांचे नियम कागदावर आहेत, आणि कंत्राटी कामगारापर्यंत ते पोहोचणे तितकेच गरजेचे आहे. घरकाम आणि नोकरी अशी दुहेरी पाळी करणाऱ्या बाईला जुन्या व्यवस्थेत विसावा नव्हता, तो नव्या व्यवस्थेत मिळायलाच हवा. माणगावच्या तिन्ही टप्प्यांत कष्टकऱ्याचे आरोग्य टिकले ते घर, वाडी, खाणावळ, तालीम, संघटना आणि कायदा यांनी भार वाटून घेतला तेव्हा. म्हणून आजच्या पाळीच्या कामगाराला आहार-व्यायामाचा उपदेश करण्याआधी त्याच्या वेळेचे अन्न, झोपेचे तास आणि खेळायची जागा यांची सोय लावणे, ही कारखाना, ग्रामपंचायत आणि कुटुंब या तिघांची जबाबदारी ठरते.