छंदविषयक ज्ञान आणि यंत्राची परीक्षा

चॅटबॉट या नावाने आज रूढ झालेल्या संवादयंत्रास एखाद्या आडवळणाच्या छंदाविषयी प्रश्न विचारून त्याचे ज्ञान पारखण्याचा उद्योग अगदी अलीकडचा आहे, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. १९६१ साली ग्रीन, वुल्फ, चॉम्स्की व लॉफेरी या चार अमेरिकन संशोधकांनी ज्या प्रणालीचे वर्णन प्रसिद्ध केले तिचे नावच मुळी ‘बेसबॉल’ असे होते. (यांतील चॉम्स्की म्हणजे कॅरोल चॉम्स्की, नामसाधर्म्यामुळे घोटाळा होण्याचा संभव आहे.) अमेरिकन लीगमधील एका वर्षाच्या सामन्यांचे महिना, दिवस, स्थळ, संघ आणि गुणसंख्या एवढेच तिचे भांडवल. अमुक दिवशी अमुक संघ कोणाकडून हरला, असे इंग्रजीत विचारले की ती आपल्या सूचीतून उत्तर शोधून देई. प्रश्न छिद्रपत्रांवरून यंत्रास पुरविले जात. या प्रणालीची मर्यादा उघड होती. परंतु त्या मर्यादेतच तिचा प्रामाणिकपणाही सामावलेला होता. सूचीत जे नाही त्याविषयी उत्तर रचण्याचे साधनच तिच्यापाशी नव्हते.

विल्यम वुड्स व त्यांचे सहकारी यांच्या ‘लूनर’ या प्रणालीने चंद्रावरून आणलेल्या खडकांसंबंधी उत्तरे दिली. १९७१ साली चांद्रविज्ञानाच्या परिषदेत तज्ज्ञांनी तीस १११ पृच्छा केल्या, त्यांपैकी ७८ टक्के पृच्छांची उत्तरे बरोबर आली. येथे परीक्षक त्या विषयातील जाणकार होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

पुढे २०११ च्या फेब्रुवारीत आयबीएमचे ‘वॉटसन’ हे यंत्र ‘जेपर्डी’ या दूरचित्रवाणीवरील प्रश्नस्पर्धेत उतरले. केन जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर या दोन नामांकित स्पर्धकांना त्याने हरविले. तथापि इतिहासाच्या अभ्यासकास त्याच्या विजयापेक्षा त्याची एक चूक अधिक बोधप्रद वाटावी. अमेरिकेतील शहरांविषयीचा तो प्रश्न होता: ज्या शहराच्या सर्वांत मोठ्या विमानतळास दुसऱ्या महायुद्धातील एका वीराचे व दुसऱ्या क्रमांकाच्या विमानतळास त्याच युद्धातील एका लढाईचे नाव दिलेले आहे, ते शहर कोणते? उत्तर शिकागो. वॉटसनने मात्र कॅनडातील टोरांटो सांगितले! परंतु त्या उत्तरापुढे प्रश्नचिन्हांची रांग होती आणि त्याने पणास लावलेली रक्कम अवघी ९४७ डॉलर होती. चूक झाली, पण आपल्या संशयाचे माप यंत्राने चूक करण्यापूर्वीच घेतलेले होते.

२०२३ च्या फेब्रुवारीत गूगलच्या ‘बार्ड’ या चॅटबॉटच्या जाहिरातीत ही सावधगिरी दिसली नाही. सूर्यमालेबाहेरील ग्रहाची पहिली छायाचित्रे जेम्स वेब दुर्बिणीने घेतली, असे त्याने निःशंकपणे सांगितले. वास्तविक असे छायाचित्र २००४ सालीच चिलीतील पारानाल येथील दुर्बिणीने मिळविले होते. खगोलशास्त्राच्या जाणकारांनी ही चूक तत्काळ दाखवून दिली. मूळ विधान मोठे सफाईदार होते, आणि धोका आहे तो नेमका तेथेच. राजवाड्यांनी बखरींविषयी जो संशय व्यक्त केला तो याच जातीचा होता: कथन ओघवते आहे म्हणून ते विश्वसनीय ठरत नाही.

अशा चुका कोठे अधिक होतात, याचा शोध मॅलन आणि सहकाऱ्यांनी सुमारे १४,००० प्रश्नांच्या आधारे घेतला. ज्या विषयांची विकिपीडियावरील पृष्ठे फार वाचली जातात त्यांबाबत प्रारूपे बरी उत्तरे देतात. ज्यांच्याकडे थोडेच वाचक वळतात त्यांबाबत घसरतात, आणि प्रारूपाचा आकार वाढवूनही ही उणीव फारशी भरून निघत नाही. छंदांचे ज्ञान बहुधा या दुसऱ्या वर्गात पडते. ते थोड्या हौशी मंडळींच्या टिपणांत असते, आणि तेथील चूक ओळखणारेही तेवढेच थोडे असतात.

२०२४ साली ओपनएआयने ४,३२६ लहान प्रश्नांची ‘सिंपलक्यूए’ ही कसोटी प्रसिद्ध केली. तीत क्रीडा, संगीत, व्हिडिओ खेळ असे विषयही होते. बरोबर, चूक आणि उत्तर देण्याचे टाळले, अशा तीन सदरांत उत्तरांची नोंद केली गेली. जीपीटी-४ओ या प्रारूपाची सुमारे ३८ टक्के उत्तरे बरोबर आली. उत्तर देण्याचे त्याने जेमतेम १ टक्का प्रश्नांत टाळले. हे आकडे उद्धृत करताना प्रश्न मुद्दाम अवघड निवडलेले होते, हे विसरून चालणार नाही. त्यांवरून प्रारूपाच्या सर्वसाधारण योग्यतेचे अनुमान काढणे अन्यायाचे होईल. शिवाय या प्रश्नसंचातच सुमारे ३ टक्के चुका असाव्यात, असा अंदाज खुद्द त्याच्या कर्त्यांनीच नोंदविलेला आहे.